तलावातले मीठ : डोळ्यांना आराम कशामुळे मिळतो आणि कशामुळे नाही

शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलेल्यांना एक गोष्ट आठवत असेल. पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून दुपारभर मुटके मारणारी पोरे घरी परतत, तेव्हा त्यांचे डोळे लालबुंद झालेले असत. कुठे उनाडून आलात, हे घरच्यांना विचारावे लागत नसे. त्या विहिरीत कोणी क्लोरीन टाकलेले नसे. तरीही डोळे चुरचुरत, नाकात पाणी गेले की टाळूपर्यंत झोंबत असे आणि संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत वलये दिसत.

आज शहरातल्या तलावात डोळे लाल झाले की सगळा दोष क्लोरीनवर जातो. तो काही प्रमाणात खराही आहे. पण विहिरीचा अनुभव सांगतो की केवळ गोडे पाणीसुद्धा डोळ्यांना आणि नाकाला त्रास देऊ शकते. हे ओळखूनच अमेरिका, ऑस्ट्रेलियासारख्या देशांतले काही तलावमालक क्लोरीनच्या पाण्यात थोडे मीठ विरघळवतात. कोणतेही वेगळे यंत्र नाही, क्लोरीन नेहमीसारखेच चालू, फक्त एका लिटरला दोन-तीन ग्रॅम मीठ. आपल्याकडेही गृहसंकुलांत, हॉटेलांत, फार्महाउसवर तलाव वाढत आहेत आणि ‘खाऱ्या पाण्याचा तलाव’ हे शब्द जाहिरातींत दिसू लागले आहेत. म्हणून मीठ नेमके काय करते आणि काय करत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे.

अश्रूंचा खारटपणा

डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर असतो. एका डोळ्यात असणारे अश्रू जेमतेम सात मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाहूनही कमी. या अश्रूंचा खारटपणा साधारण रक्ताइतकाच असतो. मिठाच्या भाषेत सांगायचे तर एका लिटरला सुमारे ९ ग्रॅम. रुग्णालयात शिरेतून देतात ते सलाइन याच प्रमाणाचे, ०.९ टक्क्यांचे असते. शरीरातल्या पेशींना या खारटपणाची सवय असते. बाहेरचे द्रावण तेवढेच खारट असेल, तर पेशीतले पाणी पेशीत आणि बाहेरचे बाहेर राहते.

हा तोल बिघडला की पाणी सरकू लागते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की तासाभरात भांड्याच्या तळाशी पाणी साचते, कारण फोडीच्या आतले पाणी जास्त खारट बाजूकडे ओढले जाते. पेशीच्या आवरणातून पाण्याच्या अशा सरकण्याला परासरण म्हणतात. तलावात हीच क्रिया उलट दिशेने होते. नळाच्या पाण्यात क्षार फारच थोडे, बहुतेक ठिकाणी लिटरला अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. पाण्याखाली डोळे उघडताच अश्रूंचा थर धुऊन जातो आणि बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचा, म्हणजे कॉर्नियाचा, या गोड्या पाण्याशी थेट संबंध येतो. आतली बाजू खारट आणि बाहेरची गोडी, त्यामुळे पाणी पटलाच्या वरच्या पेशींत शिरते. पेशी फुगतात आणि त्यांची एकमेकींशी असलेली घट्ट वीण सैल होते.

कॉर्नियाला शरीराच्या इतर कोणत्याही भागापेक्षा दाट मज्जातंतू असतात. म्हणून एवढासा बदलही लगेच झोंबतो. पटल किंचित सुजल्यामुळे प्रकाश विखुरतो आणि दिव्यांभोवती वलये दिसतात. पाण्याबाहेर आल्यावर नवे अश्रू येऊन तोल सावरतो, पण अश्रू मिनिटाला एक-दोन मायक्रोलिटरच तयार होत असल्याने त्याला वेळ लागतो. तासभर पोहलेल्या माणसाची दृष्टी थोडा वेळ धूसर वाटते, ती यामुळेच.

समुद्रात चित्र उलटे असते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे अश्रूंच्या जवळजवळ चौपट. तिथे पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते आणि डोळे वेगळ्या कारणाने झोंबतात. डोळ्यांना सर्वांत सोसणारे पाणी या दोहोंच्या मध्ये, ९ ग्रॅमच्या आसपास असते.

नाकाचा पुरावा : जलनेती

ज्यांनी जलनेती केली आहे, त्यांना हे शास्त्र अनुभवाने ठाऊक आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली आणि योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. तेव्हापासून महाराष्ट्रात जलनेतीसारख्या शुद्धिक्रिया अनेक घरांत पोचल्या. नेतीच्या भांड्यात साधे पाणी घेतले तर नाकात जळजळ होते, डोळ्यांतून पाणी येते आणि कपाळापर्यंत ठणका जातो. तेच पाणी कोमट करून त्यात अर्ध्या लिटरला चहाचा एक सपाट चमचा मीठ घातले की ते एका नाकपुडीतून आत जाऊन दुसरीतून सहज बाहेर पडते. मिठाचे हे प्रमाण पुन्हा लिटरला ९ ते १० ग्रॅमच भरते.

उलटी कोलांटी मारताना किंवा पाण्यात उडी घेताना नाकात पाणी गेले की जे झोंबते, त्याचा मोठा भाग हाच. नाकाच्या आतील अस्तराच्या पेशी गोड्या पाण्याने फुगतात आणि तिथले मज्जातंतू तक्रार करतात. नव्याने पोहायला शिकणारी मुले या झोंबण्यालाच घाबरतात. त्यांची पाण्याची भीती पुष्कळदा खोलीची नसते, नाकात जाणाऱ्या पाण्याची असते.

तलावात लिटरला ३ ग्रॅम मीठ असेल, तर पाणी आणि अश्रू यांच्यातली दरी साधारण एक तृतीयांशाने कमी होते. ती पूर्ण भरून निघत नाही. पण एवढ्यानेही डोळे उघडे ठेवून पोहणाऱ्यांना फरक जाणवतो आणि नाकात गेलेले पाणी कमी झोंबते. मग पूर्ण ९ ग्रॅमच का टाकू नये? कारण ते पाणी तोंडात जाताच खारट लागते, आणि धातू व दगड यांना त्याची मोठी किंमत मोजावी लागते. ३ ग्रॅमपर्यंतचे मीठ बहुतेकांना चवीला जेमतेम कळते. दोन-तीन ग्रॅमची मर्यादा या तडजोडीतून आली आहे.

तरंगण्यात मात्र या मिठाने काही फरक पडत नाही. लिटरला ३ ग्रॅम मिठाने पाण्याची घनता एवढी थोडी वाढते, की ७० किलोच्या माणसाला जास्तीचा आधार मिळतो तो दीडशे ग्रॅमच्या आसपास. समुद्रात तो पावणेदोन किलोपर्यंत जातो. त्यामुळे मिठाच्या तलावात लवकर पोहायला येते, ही समजूत सोडून द्यावी.

‘सॉल्ट वॉटर पूल’ म्हणजे काय

इथे एक मोठा गोंधळ दूर करायला हवा. जाहिरातीतला ‘सॉल्ट वॉटर पूल’ हा क्लोरीनशिवायचा तलाव नसतो. त्यात मिठापासून जागेवरच क्लोरीन बनवणारे यंत्र बसवलेले असते. रुथेनियमसारख्या धातूच्या ऑक्साइडचा लेप दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून खारे पाणी जाते आणि पट्ट्यांतून वीज सोडली जाते. धन बाजूला मिठातल्या क्लोराइडपासून क्लोरीन तयार होते, ऋण बाजूला हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि पाणी अल्कधर्मी होते. क्लोरीन लगेच पाण्यात विरघळून जंतू मारू लागते आणि काम संपल्यावर पुन्हा क्लोराइड होऊन मिठाच्या साठ्यात परतते. या यंत्रांना साधारणपणे लिटरला ३ ग्रॅमच्या आसपास मीठ लागते.

म्हणजे यंत्र असलेल्या तलावात पोहणाऱ्याला जे पाणी ‘मऊ’ वाटते, त्यात क्लोरीन तर असतेच. आरामाचा एक भाग मिठाचा असतो. दुसरा भाग असा की यंत्र दिवसभर थोडे थोडे क्लोरीन सोडत राहते. पहाटे एकदम बादलीभर औषध ओतल्याने सकाळच्या पहिल्या तुकडीला जो त्रास होतो, तो इथे टळतो.

नुसते मीठ टाकले, तर हे काही घडत नाही. विजेशिवाय मिठाचे क्लोरीन होत नाही. लिटरला ३ ग्रॅम मीठ जंतूही मारत नाही. आपल्या शरीरातले द्रव त्याच्या तिप्पट खारट असूनही जंतू त्यांत सुखाने वाढतात. म्हणून मीठ टाकले या भरवशावर क्लोरीन कमी करणे म्हणजे जुलाब, कानदुखी आणि डोळे येण्याच्या साथीला आमंत्रण देणे होय. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या सल्ल्यानुसार तलावात मुक्त, म्हणजे कामाला येणारे, क्लोरीन लिटरला किमान १ मिलिग्रॅम हवे आणि पीएच ७.० ते ७.८ च्या दरम्यान हवा. उन्हात क्लोरीन टिकावे म्हणून सायन्युरिक आम्ल वापरत असतील, तर किमान २ मिलिग्रॅम. मीठ असो वा नसो, हे आकडे बदलत नाहीत.

वास क्लोरीनचा नव्हे

बंदिस्त तलावाचे दार उघडताच जो उग्र दर्प येतो, तो आला की लोक म्हणतात, ‘आज क्लोरीन जास्त झालंय.’ बहुतेक वेळा वस्तुस्थिती उलटी असते. पोहणाऱ्यांच्या घामातून आणि लघवीतून युरिया आणि अमोनिया पाण्यात येतात. क्लोरीन त्यांच्याशी संयोग पावते आणि क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात. त्यांतले ट्रायक्लोरामाइन सहज हवेत उडते. डोळे जाळणारे, खोकला आणणारे आणि दम्याच्या रुग्णांना छळणारे द्रव्य मुख्यतः तेच. म्हणजे दर्प जितका उग्र, तितके मोकळे, कामाला येणारे क्लोरीन बहुधा कमी आणि अडकलेले क्लोरीन जास्त.

या अडकलेल्या क्लोरीनला संयुक्त क्लोरीन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते शक्यतो लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या आत असावे. हे मोजण्याची रीत महत्त्वाची आहे. गावोगाव पिण्याच्या पाण्यासाठी जी ओटी टेस्ट करतात, तिच्यात पाणी पिवळे होते. ती एकूण क्लोरीन दाखवते आणि मुक्त व संयुक्त हा भेद नीट करत नाही. पिण्याच्या पाण्याला ती चालून जाते. तलावासाठी मात्र डीपीडी चाचणी हवी. तिच्यात पाणी गुलाबी होते आणि मुक्त व एकूण क्लोरीन वेगवेगळे कळते. एकूण वजा मुक्त म्हणजे संयुक्त.

क्लोरामाइनवर मिठाचा काहीही उपाय चालत नाही. त्यासाठी क्लोरीनची मात्रा काही काळ पुरेशी वाढवून ती संयुगे मोडावी लागतात, थोडे पाणी काढून ताजे भरावे लागते आणि बंदिस्त तलावात हवा खेळती ठेवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने दर पोहणाऱ्यामागे ३० लिटर ताजे पाणी भरण्याचा दाखला दिला आहे. आपल्याकडे पाणीटंचाईत हे सोपे नाही, म्हणून मूळ कारणच कमी करणे शहाणपणाचे. पोहण्यापूर्वी शॉवरखाली मिनिटभर नीट अंग धुतले, तरी अंगावरचा घाम, तेल आणि मळ यांतला बराचसा भाग निघून जातो. लहान मुलांना दर तासाला स्वच्छतागृहात नेले, तर आणखी मोठा फरक पडतो.

पीएच बिघडला असेल, तर त्यावरही मिठाचा उपाय चालत नाही. अश्रूंचा पीएच ७.४ च्या आसपास असतो. तलाव ७.२ ते ७.६ मध्ये राखला तर डोळ्यांनाही सोसतो आणि क्लोरीनही नीट काम करते. पाण्यातले क्लोरीन दोन रूपांत असते. त्यातले हायपोक्लोरस आम्ल जंतू झपाट्याने मारते, दुसरे रूप फार मंद असते. पीएच ७.२ असताना सुमारे दोन तृतीयांश भाग कामाच्या रूपात असतो, ७.५ ला निम्मा आणि ८ ला जेमतेम चौथा हिस्सा. पीएच चढलेल्या तलावात दुप्पट औषध ओतूनही पाणी हिरवट होते, त्यामागे हे कारण असते.

मीठ टाकायचेच असेल तर

वरच्या सगळ्या गोष्टी जागेवर असतील, म्हणजे मुक्त क्लोरीन पुरेसे, संयुक्त क्लोरीन कमी आणि पीएच मर्यादेत असेल, आणि तरीही पोहणाऱ्यांचे डोळे-नाक झोंबत असेल, तर मिठाचा विचार करण्यासारखा आहे.

पहिले काम मोजण्याचे. तुमच्या तलावात मीठ आधीच असू शकते. द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट वापरत असाल, तर लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन घालताना शेवटी सुमारे १.६५ मिलिग्रॅम मीठ पाण्यात जमा होते. रोज २ मिलिग्रॅम क्लोरीन लागत असेल आणि पाणी बदलले नसेल, तर वर्षभरात लिटरला सुमारे १.२ ग्रॅम मीठ आपोआप साठते. मीठ बाष्पाबरोबर उडून जात नाही. ते फक्त बॅकवॉशमधून, म्हणजे गाळणी उलट्या प्रवाहाने धुताना बाहेर जाणाऱ्या पाण्यातून, बाहेर उडणाऱ्या पाण्यातून आणि पावसाळ्यात तलाव भरून वाहतो तेव्हा कमी होते. ट्रायक्लोरच्या वड्या वापरणाऱ्यांकडे मिठाबरोबर सायन्युरिक आम्ल साठते. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वापरणाऱ्यांकडे कॅल्शियम वाढते आणि टाइल्सवर पांढरा थर धरतो. म्हणून आधी मिठाच्या चाचणीपट्टीने किंवा मीठ मोजणाऱ्या मीटरने आकडा घ्यावा.

हिशेब सोपा आहे. लिटरला १ ग्रॅम म्हणजे दर हजार लिटरला १ किलो. एखाद्या सोसायटीचा तलाव १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल असेल, तर त्यात १,०८,००० लिटर पाणी मावते. लिटरला २ ग्रॅमसाठी २१६ किलो मीठ लागेल, म्हणजे ५० किलोच्या चार गोण्या आणि वर थोडे. ३ ग्रॅमसाठी ३२४ किलो. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल अशा ऑलिंपिक मापाच्या तलावाला ३ ग्रॅमसाठी साडेसात टन मीठ लागते. एवढ्या आकड्यांवरूनच कळते की हा उपाय प्रामुख्याने छोट्या तलावांचा आहे.

मीठ कोणते? उरण, पेण, पालघरच्या मिठागरांतले जाडे मीठ स्वस्त आणि हाताशी आहे, पण ते तसेच तलावात टाकू नये. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि चिखलाचे कण असतात. पाणी गढूळ होते आणि थर धरतो. घरचे आयोडीनयुक्त मीठही टाळावे. त्यातले आयोडीन अत्यल्प असते, पण मोकळे राहण्यासाठी घातलेल्या पदार्थात कधी कधी लोहाचे संयुग असते आणि त्याने तलावाच्या भिंतींवर पिवळट डाग पडू शकतात. शुद्ध केलेले, आयोडीन नसलेले, ९९ टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे मीठ घ्यावे.

टाकताना पंप चालू असावा. हिशेबातले सगळे मीठ एकदम ओतू नये. आधी दोन तृतीयांश टाकावे, तलावाच्या कडेने चौफेर पसरावे आणि तळाशी बसलेले ब्रशने हलवून विरघळू द्यावे. मिठाचे दाट पाणी जड असल्याने तळाशी बसून राहते, म्हणून दिवसभर पाणी फिरवून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे आणि मग उरलेले घालावे. जास्त झालेले मीठ काढायला पाणी काढून टाकण्याखेरीज साधा उपाय नाही.

गिळलेल्या पाण्याची काळजी अनेक पालकांना वाटते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४५ मिनिटांच्या पोहण्यात मुले सरासरी ३७ मिलिलिटर आणि प्रौढ १६ मिलिलिटर पाणी गिळतात असे आढळले. ३ ग्रॅमच्या तलावात ३७ मिलिलिटर म्हणजे सुमारे ०.११ ग्रॅम मीठ. प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाहता हे मीठ नगण्य आहे. खरा धोका त्या पाण्यातल्या जंतूंचा असतो, आणि त्याचे उत्तर क्लोरीन हेच आहे.

मिठाची किंमत

मिठाचा त्रास माणसांपेक्षा बांधकामाला अधिक होतो. क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलवर बारीक खड्डे पडतात. शिडी आणि कठडे ३०४ प्रतीच्या स्टीलचे असतील तर ते लवकर गंजतात. मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे स्टील जास्त टिकते. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहत असल्याने दोन वेगळे धातू जोडलेले असतील, तिथे एक धातू झपाट्याने झिजतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप आणि तांब्याचे हीटर यांचे आयुष्य त्यामुळे कमी होते.

तलावाच्या कडेला आपल्याकडे पुष्कळदा शहाबादी किंवा कोटा फरशी असते. दोन्ही चुनखडीचे दगड. उडालेले खारे पाणी त्यांच्या छिद्रांत मुरते, वाळल्यावर आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. अशा फरशीला दर्जेदार लेप देणे आणि रोज गोड्या पाण्याने धुणे एवढाच इलाज आहे.

क्लोराइड आणि पोलाद यांचे वैर किती जीवघेणे ठरू शकते, याचे उदाहरण स्वित्झर्लंडमधले आहे. ९ मे १९८५ रोजी उस्टर गावातल्या बंदिस्त तलावाचे काँक्रीटचे छत कोसळले आणि १२ जण मृत्युमुखी पडले. ते छत स्टेनलेस स्टीलच्या सळयांवर टांगलेले होते आणि तलावाच्या हवेतल्या क्लोरीनयुक्त संयुगांनी त्या सळयांना आतून तडे गेले होते. तिथे कारण पाण्यात घातलेले मीठ नव्हते. पण बंदिस्त तलावात छताच्या धातूची तपासणी टाळता येत नाही, हा धडा सगळ्यांना लागू आहे.

दुसरी किंमत बागेची. बॅकवॉशचे पाणी बागेला सोडण्याची आपल्याकडे सवय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या निकषांनुसार लिटरला २ ग्रॅमपेक्षा जास्त क्षार असलेले पाणी सिंचनासाठी कडक मर्यादेत मोडते. सांगली आणि कोल्हापूरच्या नदीकाठच्या शेतकऱ्यांना क्षारपड जमीन म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. मिठाच्या तलावाचे पाणी झाडांना, विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नये. ते सांडपाण्याच्या वाहिनीतच जायला हवे.

तिसरी किंमत फारशी कोणी बोलून दाखवत नाही. अनेक तलावांत पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार मोजून पाणी किती जुने, किती मळलेले झाले आहे, याचा अंदाज घेतात. नळाच्या पाण्यापेक्षा आकडा खूप वाढला की थोडे पाणी काढून ताजे भरतात. मीठ घातले की हा आकडा एकदम हजारांत जातो आणि त्यामागे मळाची वाढ लपून जाते. मिठाच्या तलावात पाणी बदलण्याचा निर्णय संयुक्त क्लोरीन आणि पोहणाऱ्यांची संख्या यांवरूनच घ्यावा लागतो.

स्पर्धेच्या तलावांसाठी आणखी एक अट आहे. जलतरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जागतिक विक्रम लिटरला ३ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असलेल्या पाण्यातच मान्य होतो आणि समुद्राच्या पाण्यातला विक्रम धरला जात नाही.

निर्णय कसा घ्यावा

मीठ हा पोहणाऱ्याच्या सुखाचा उपाय आहे. तो शास्त्राला धरून आहे आणि योग्य मात्रेत शरीराला निर्धोक आहे. घरगुती किंवा लहान तलाव, चांगल्या प्रतीचे धातू, सिरॅमिक टाइल्सची कड आणि सांडपाण्याची नीट सोय असेल, तर लिटरला २ ग्रॅमपासून सुरुवात करायला हरकत नाही. जुना तलाव, साधे स्टील, चुनखडीची फरशी आणि बागेत जाणारे बॅकवॉश असेल, तर मीठ टाळलेले बरे. अशा ठिकाणी चांगला बसणारा गॉगल आणि नाकाची क्लिप हाच आराम शंभर रुपयांपासून हजार रुपयांपर्यंत देतात आणि तलावाचे नुकसान होत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घालून मात्र कोणत्याही तलावात उतरू नये. पाण्यातला अकांथामिबा हा सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकला तर डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते, आणि त्याला हे एवढेसे मीठ रोखत नाही.

मिठाचा सर्वांत मोठा धोका त्याच्या चांगुलपणातच आहे. डोळे कमी झोंबू लागले की पाणी चांगले झाले असे वाटते आणि क्लोरीनची चाचणी मागे पडते. झोंबणे कमी होणे आणि पाणी निर्जंतुक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून आपल्या तलावाच्या व्यवस्थापनाकडे मिठाची मागणी करण्याआधी तीन आकडे मागा : मुक्त क्लोरीन, संयुक्त क्लोरीन आणि पीएच. ते रोज मोजले जावेत आणि सर्वांना दिसतील असे फलकावर लिहिले जावेत, असा आग्रह धरा. आणि पाण्यात उतरण्याआधी स्वतः मिनिटभर अंग धुवा, मुलांनाही ती सवय लावा. सगळ्यांनी एवढे केले, तर अनेक तलावांत मिठाची गरजच उरणार नाही.